चार पर्याय, एक खुर्ची

सामान्य ज्ञानाच्या स्पर्धेचे परीक्षेशी जवळचे नाते आहे आणि जुगाराशी दूरचे. दूरचित्रवाणीवर ही स्पर्धा आल्यापासूनचा तिचा इतिहास पाहिला, तर यांपैकी पहिले नाते मिरवण्याचे आणि दुसरे झाकण्याचे प्रयत्न त्यात सतत दिसतात. मराठीत या प्रकाराला ‘प्रश्नमंजूषा’ म्हणतात. मंजूषा म्हणजे पेटी, आणि या नावात पेटीत जपून ठेवलेल्या मौल्यवान वस्तूचा भाव आहे. ‘क्विझ’ या इंग्रजी शब्दाला मात्र असे घरंदाज कूळ नाही. डब्लिनच्या एका नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाने पैजेखातर हा निरर्थक शब्द रातोरात शहरभर भिंतींवर लिहवून घेतला, अशी कथा सांगितली जाते. परंतु ज्या वर्षीची ही पैज मानली जाते, त्याच्या आधीपासून हा शब्द ‘विक्षिप्त माणूस’ या अर्थाने छापील मजकुरात आढळतो, त्यामुळे ती कथा रंजक असली तरी टिकत नाही.

या स्पर्धेचे मूळ यक्षप्रश्नांत किंवा वेताळपंचविशीत शोधण्याचा मोह मराठी लेखकांना अनेकदा होतो. वात्स्यायनाने सांगितलेल्या ६४ कलांत प्रहेलिका म्हणजे कूटप्रश्न घालण्याची कला आहे, हे खरे. परंतु यक्षाला आणि वेताळाला हवे असते ते तारतम्य, एखाद्या देशाची राजधानी किंवा एखाद्या करारावर सही झाल्याचे साल नव्हे. ‘सामान्य ज्ञान’ ही कल्पनाच शालेय पाठ्यपुस्तके, वर्तमानपत्रे, वार्षिक संदर्भग्रंथ आणि नोकरभरतीच्या परीक्षा यांच्यासोबत आलेली आहे, म्हणून तिचा इतिहास विसाव्या शतकातच शोधावा लागतो.

त्या इतिहासाचा आरंभ अमेरिकेच्या नभोवाणीवर होतो. १९३६ मध्ये ‘प्रोफेसर क्विझ’ हा कार्यक्रम सुरू झाला आणि १९४० मध्ये ‘टेक इट ऑर लीव्ह इट’ नावाच्या कार्यक्रमाने पुढे जगभर वापरली गेलेली एक युक्ती रूढ केली. पहिल्या उत्तराला १ डॉलर, दुसऱ्याला २, मग ४, ८, १६, ३२ आणि सातव्या उत्तराला ६४ डॉलर, अशी दुपटीची चढण त्यात होती, आणि प्रत्येक पायरीवर स्पर्धकाने हातातले पैसे घेऊन थांबायचे की ते पणाला लावून पुढे जायचे, हे ठरवायचे होते. बुद्धिबळाच्या पटावर धान्याचे दाणे दुप्पट करत जाण्याची गोष्ट ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या चढणीतली मेख वेगळी सांगायला नको. महत्त्वाचे हे की ‘उत्तर येते का’ या प्रश्नाला येथे ‘थांबायचे का’ हा दुसरा प्रश्न जोडला गेला, आणि त्याचे उत्तर कोणत्याही संदर्भग्रंथात मिळण्याजोगे नव्हते.

७ जून १९५५ रोजी याच कल्पनेला तीन शून्ये जोडून ‘द सिक्स्टी-फोर थाउजंड डॉलर क्वेश्चन’ अमेरिकी दूरचित्रवाणीवर आला. खर्च रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीचा होता आणि निवड मोठी चतुर होती, कारण स्पर्धकाचा व्यवसाय आणि त्याचा विषय यांत जितके अंतर, तितका प्रेक्षकांचा जीव त्यात अधिक गुंतत असे. नौसैनिक दलातील अधिकारी पाककलेवर उत्तरे देत होता, मानसशास्त्रज्ञ जॉइस ब्रदर्स मुष्टियुद्धावर, आणि जिनो प्राटो हा चपला-बूट दुरुस्त करणारा कारागीर ऑपेरा या संगीतनाट्यप्रकारावर. प्राटोने ३२,००० डॉलरवर थांबावे, अशी तार त्याच्या वृद्ध वडिलांनी इटलीहून केली आणि त्याने ती मानली.

या यशाच्या मागून आलेल्या ‘ट्वेंटी-वन’ने मात्र झाकलेले नाते उघडे पाडले. या कार्यक्रमात दोन स्पर्धक दोन स्वतंत्र ध्वनिरोधक कक्षांत उभे राहत. निर्मात्यांना लक्षात आले होते की प्रामाणिक स्पर्धा बहुधा कंटाळवाणी होते, म्हणून त्यांनी उत्तरे आधीच पढवण्यास सुरुवात केली. इतकेच नव्हे, तर कपाळावरचा घाम केव्हा पुसायचा, ओठ केव्हा चावायचा आणि उत्तरापूर्वी किती वेळ अडखळायचे, याचीही तालीम ठरलेली असे. हर्बर्ट स्टेम्पेल या विजेत्याला १९५६ च्या डिसेंबरात हरायला सांगण्यात आले, तेही आदल्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा ऑस्कर कोणाला मिळाला, या सोप्या प्रश्नावर. उत्तर ‘मार्टी’ होते, स्टेम्पेलने तो चित्रपट तीनदा पाहिलेला होता, आणि तरीही ठरल्याप्रमाणे त्याला दुसऱ्याच चित्रपटाचे नाव घ्यावे लागले. त्याला हरवणारा चार्ल्स व्हॅन डोरेन हा कोलंबिया विद्यापीठातील तरुण अध्यापक, प्रतिष्ठित कवीचा मुलगा. त्याने १,२९,००० डॉलर जिंकले, आणि २ नोव्हेंबर १९५९ रोजी अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे आपल्यालाही उत्तरे पुरवली जात होती, अशी कबुली दिली. पुढच्याच वर्षी अशा स्पर्धा आतून जुळवणे कायद्याने गुन्हा ठरवण्यात आले. फसवणुकीपेक्षाही स्टेम्पेलचा राग कशावर होता, हे पाहण्यासारखे आहे: जे उत्तर आपल्याला खरोखर येत होते, तेच येत नसल्याचे जगाला दाखवावे लागले, हा अपमान त्याला पैशांपेक्षा अधिक झोंबला.

योगायोग असा की ज्या १९५५ साली अमेरिकेत बक्षिसाला तीन शून्ये जोडली गेली, त्याच साली भारतात संसदेने बक्षीस-स्पर्धा कायदा संमत करून एका महिन्यातील बक्षिसांची एकूण रक्कम १,००० रुपयांवर आणि प्रवेशिकांची संख्या २,००० वर आणून ठेवली. त्याला कारण होते शब्दकोड्यांचे वेड. स्वातंत्र्याच्या आगेमागे वर्तमानपत्रांतून शुल्क भरून पाठवायच्या शब्दकोड्यांवर मोठमोठी बक्षिसे लावली जात, आणि मुंबई राज्याने त्यांच्यावर नियंत्रण व कर बसवणारा कायदा १९४८ मध्येच केला होता. या कोड्यांची रचना अशी असे की एकाच सूत्राला दोन-तीन शब्द सारख्याच समर्पकपणे लागू पडत. समजा, ‘नव्या सुनेला सासरी हा असला म्हणजे निभावते’ असे सूत्र आहे आणि दोन चौकटींपैकी दुसरीत ‘र’ छापलेला आहे. तेथे ‘दीर’ भरणाऱ्यालाही चूक म्हणता येत नाही आणि ‘धीर’ भरणाऱ्यालाही. बरोबर उत्तर कोणते, तर संपादकाने आधी ठरवून मोहोरबंद ठेवलेले. भाषेचे ज्ञान येथे स्पर्धकाला दोन शब्दांपर्यंत आणून सोडते आणि उरलेले अंतर नशिबावर कापावे लागते.

बंगळूरहून निघणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ या पत्रातील कोडे मुंबई राज्यातही मोठ्या प्रमाणावर भरले जाई. त्याच्या चालकांनी मुंबईच्या कायद्याला दिलेले आव्हान आर. एम. डी. चमारबागवाला यांच्या नावाने ओळखले जाते, आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयाने १९५७ च्या एप्रिलमध्ये दिलेला निर्णय आजही उद्धृत केला जातो. ज्या स्पर्धेत यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून असते, ती व्यवसायस्वातंत्र्याच्या संरक्षणात येते; ज्या स्पर्धेत ते नशिबावर अवलंबून असते, ती जुगार असून तिला असे संरक्षण नाही, अशी ती विभागणी होती. शब्द आणि अक्षरे जुळवण्याच्या कोड्यांपुरता असलेला १९५५ चा कायदा सामान्य ज्ञानाच्या तोंडी प्रश्नांना थेट लागू पडत नव्हता, तरी न्यायालयाने आखलेली ही रेघ पुढे प्रत्येक बक्षीस-स्पर्धेच्या मागे उभी राहिली.

भारतातली प्रश्नमंजूषा दीर्घकाळ पैशांपासून दूरच राहिली, त्याचे श्रेय मात्र या कायद्याला नव्हे, तर ती ज्या वर्तुळात वाढली त्या वर्तुळाला द्यावे लागते. १९६७ मध्ये कोलकात्याच्या ख्राइस्ट द किंग चर्चच्या सभागृहात नील ओब्रायन यांनी घेतलेली खुली स्पर्धा ही या देशातल्या संघटित प्रश्नमंजूषेची सुरुवात मानली जाते. अँग्लो-इंडियन क्लब, मिशनरी शाळा आणि इंग्रजी महाविद्यालये हे तिचे घर होते, आणि चषक, ग्रंथभेट व मित्रांतली वाहवा हे तिचे बक्षीस. १९७२ पासून एका चॉकलेट-पेयाच्या नावाने शालेय मुलांसाठी ‘बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट’ भरू लागली. ती आकाशवाणीवर आली तेव्हा मुंबईचे हमीद सायानी तिचे सूत्रधार होते, आणि १९७५ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांचे धाकटे बंधू अमीन सायानी यांनी ती सांभाळली. नव्वदच्या दशकात ती झी वाहिनीवर गेली तेव्हा सूत्रसंचालनाला नील ओब्रायन यांचे चिरंजीव डेरेक होते. मधल्या काळात, १९८५ मध्ये, दूरदर्शनवर सिद्धार्थ बसू यांचा ‘क्विझ टाइम’ सुरू झाला होता आणि महाविद्यालयीन संघांची ही स्पर्धा देशभर पाहिली गेली. येथे ‘पाहिली गेली’ हाच शब्द योग्य आहे, कारण एकच वाहिनी असलेल्या घरांत इंग्रजी न येणारी माणसेही ती पाहत. प्रश्न कळत नसे, उत्तर कळत नसे, गुणफलक मात्र कळे.

या परंपरेत पर्याय देण्याची पद्धत जवळजवळ नव्हती. उत्तर स्वतःच्या आठवणीतून काढायचे असे, आणि उत्तम प्रश्न तोच, ज्यात धागेदोरे जुळवत तर्काने उत्तरापर्यंत पोहोचता येते, असा त्या वर्तुळाचा दंडक होता. आजही महाविद्यालयांतले क्विझ खेळणारे पर्यायांच्या प्रश्नाकडे थोडे तुच्छतेनेच पाहतात. १९९८ मध्ये बसू यांनीच बीबीसी वर्ल्डवर आणलेल्या ‘मास्टरमाइंड इंडिया’त हा कठोरपणा टोकाला गेला. मूळ ब्रिटिश ‘मास्टरमाइंड’ १९७२ चा, आणि त्याचे जनक बिल राइट हे दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे युद्धकैदी होते. कैद्याने नाव, हुद्दा आणि क्रमांक एवढेच सांगायचे असते. त्या चौकशीच्या आठवणीतून नाव, व्यवसाय आणि अभ्यासविषय सांगून अंधारात एकट्या काळ्या खुर्चीवर बसण्याची कल्पना त्यांना सुचली. स्पर्धकाची खुर्ची हे भीतीचे स्थान असते, ही दृश्यभाषा तेथून पुढे कायमची झाली.

त्या खुर्चीला पैसा जोडण्याचे काम ४ सप्टेंबर १९९८ रोजी ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीवर सुरू झालेल्या ‘हू वॉन्ट्स टु बी अ मिल्यनेअर’ने केले. कागदावर असताना त्याचे नाव ‘कॅश माउंटन’ असे होते. अमेरिकी चढण, मास्टरमाइंडची खुर्ची आणि वर सरकणारे संगीत एवढ्यावर न थांबता रचनाकारांनी तीन गोष्टी नव्याने बसवल्या: प्रश्न आधी दाखवून मग थांबण्याची मुभा, प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय, आणि तीन लाइफलाइन, म्हणजे दोन चुकीचे पर्याय काढून टाकणे, मित्राला फोन करणे व प्रेक्षकांचा कौल घेणे. ही संपूर्ण रचना म्हणजे ‘फॉरमॅट’ होय. संगीत, दिवे आणि नियमांसह तिचा परवाना देशोदेशी विकला जातो.

३ जुलै २००० रोजी रात्री ९ वाजता स्टार प्लसवर अमिताभ बच्चन यांच्यासह ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झाले तेव्हा हा परवाना हिंदीत उतरला, आणि सासू-सुनांच्या ज्या मालिकेने पुढची आठ वर्षे रात्रीचा साडेदहाचा ठोका सांभाळला, तिचाही पहिला भाग त्याच रात्री दाखवला गेला. निर्मितीची धुरा पुन्हा सिद्धार्थ बसू यांच्याकडेच होती, त्यामुळे इंग्रजी क्विझचा कारागीर तोच राहिला आणि गिऱ्हाईक मात्र पूर्ण बदलले. या यशाचे कारण म्हणून एक कोटीचा आकडा सांगण्याची प्रथा आहे, पण ते कारण पुरेसे वाटत नाही. कारण त्याच वर्षी झीने ‘सवाल दस करोड का’ हा दहापट रकमेचा कार्यक्रम अनुपम खेर आणि मनीषा कोईराला यांच्यासह आणला आणि तो लवकरच गुंडाळावा लागला. फरक पडला तो भाषेने आणि चार पर्यायांनी. ज्या घरात ‘क्विझ टाइम’चा केवळ गुणफलक वाचला जाई, त्याच घरात आता आजी, नातू आणि दाराशी उभा राहिलेला दूधवाला असे सगळे ‘ब’ की ‘क’ यावर वाद घालू लागले. कारण उत्तर माहीत नसले, तरी चारांतून एक उचलण्यास कोणालाच मज्जाव नव्हता.

चार पर्यायांची ही पद्धत आली परीक्षागृहातून. फ्रेडरिक केली या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने १९१४-१५ च्या सुमारास कॅन्ससमध्ये वाचनचाचणीसाठी ती प्रचारात आणली, आणि भारतात संघ लोकसेवा आयोगाने १९७९ पासून नागरी सेवांच्या पूर्वपरीक्षेत वस्तुनिष्ठ प्रश्न आणल्यावर ती स्पर्धापरीक्षांची भाषाच झाली. पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत चालू घडामोडींची मासिके रंगीत पेनाने अधोरेखित करणाऱ्या मुलामुलींना ‘कौन बनेगा करोडपती’ परके वाटण्याचे कारणच नव्हते. २००० च्या ऑक्टोबरमध्ये पहिला कोट्यधीश ठरलेले मुंबईचे हर्षवर्धन नवाथे हे त्या वेळी नागरी सेवा परीक्षेचीच तयारी करत होते, आणि एक कोटीसाठी त्यांना विचारलेला प्रश्न संसदेच्या कामकाजात भाग घेण्याची मुभा राज्यघटना कोणाला देते, असा होता. उत्तर महान्यायवादी, म्हणजे केंद्र सरकारचा सर्वोच्च विधी अधिकारी, अनुच्छेद ८८. घटनेवरचे कोणतेही गाईड उघडले तरी हा प्रश्न त्यात सापडतो.

मात्र परीक्षा आणि खेळ यांत एक फरक आहे आणि तो आकडेमोडीत दिसतो. चारांतून डोळे मिटून एक उत्तर निवडले, तर ते बरोबर येण्याची शक्यता २५ टक्के. म्हणून पूर्वपरीक्षेत चुकीच्या उत्तराला एकतृतीयांश गुण कापतात, आणि त्यामुळे आंधळ्या अंदाजाचा सरासरी लाभ नेमका शून्यावर येतो. ‘करोडपती’च्या पहिल्या पर्वात हे काम चढणीवरील दोन ‘पडाव’ करत होते. पडाव म्हणजे अशी पायरी, जिच्यावर पोहोचल्यानंतर चुकले तरी स्पर्धक तिच्या खाली घसरत नाही. पाचवी पायरी १०,००० रुपयांची, दहावी ३,२०,००० ची. त्यामुळे सहाव्या आणि अकराव्या प्रश्नाला अंदाज फुकट होता, कारण गमावण्यासारखे काही नसे, आणि तरीही या प्रश्नांवर घामाघूम होणारे स्पर्धक प्रेक्षकांनी पाहिले आहेत. याउलट हातात ५० लाख असताना एक कोटीचा प्रश्न आला, की चुकल्यास ४६,८०,००० रुपये जातात आणि जिंकल्यास ५० लाख वाढतात, म्हणजे उत्तर बरोबर असण्याची खात्री साधारण ४८ टक्क्यांहून अधिक असेल तरच खेळणे हिशेबात बसते. दोन पर्याय काढून टाकणारी लाइफलाइन शेवटपर्यंत राखून ठेवणारा स्पर्धक म्हणूनच शहाणा म्हणायचा, कारण निव्वळ अंदाज असला तरी ती त्याला ५० टक्क्यांवर, म्हणजे या उंबरठ्याच्या किंचित वर, आणून ठेवते. मित्राला फोन करण्याचा भरवसा मात्र लोक वाजवीपेक्षा अधिक धरतात. जेम्स सुरोविकी या पत्रकाराने २००४ च्या आपल्या पुस्तकात अमेरिकी आवृत्तीविषयी नोंदवले की तज्ज्ञ म्हणून निवडलेला मित्र सुमारे ६५ टक्के वेळा बरोबर असे, तर सहज येऊन बसलेल्या प्रेक्षकांचा कौल ९१ टक्के वेळा.

चमारबागवाला खटल्यातली रेघ या कार्यक्रमावर ठेवून पाहिली, तर ती प्रश्नागणिक सरकते: उत्तर येत असताना दिलेले उत्तर हे कौशल्य, दोन पर्यायांत अडकून दिलेले उत्तर हे ‘दीर’ आणि ‘धीर’ यांतली निवड. प्राप्तिकर खाते या सूक्ष्म भेदात पडत नाही. लॉटरी, शब्दकोडे, घोड्यांची शर्यत आणि दूरचित्रवाणीवरील खेळ या सगळ्यांच्या बक्षिसांना ते एकाच पंगतीत बसवते आणि सरसकट ३० टक्के दराने कर आकारते.

हिंदीनंतर हा फॉरमॅट तमिळ, बंगाली, भोजपुरी, मल्याळम अशा भाषांत गेला. मराठीत तो २०१३ मध्ये ई टीव्ही मराठीवर ‘कोण होईल मराठी करोडपती’ या नावाने आला, सचिन खेडेकर यांच्या संयत सूत्रसंचालनात; २०१९ मध्ये सोनी मराठीवर ‘कोण होणार करोडपती’ झाले तेव्हा ती जागा नागराज मंजुळे यांनी घेतली, आणि त्यांच्यामुळे प्रमाण मराठीच्या बाहेरची बोलीही त्या खुर्चीसमोर सहज बोलली गेली. एकेकाळी इंग्रजी न येणाऱ्याला ज्या खेळात केवळ गुणफलक वाचता येत असे, त्या खेळाच्या दृष्टीने हा बदल रकमेच्या शून्यांहून मोठा आहे.

त्याच २०१९ मध्ये, हिंदी कार्यक्रमाच्या अकराव्या पर्वात, अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे यांनी एक कोटी रुपये जिंकले. शाळेत माध्यान्ह भोजनाची खिचडी शिजवण्याचे काम त्या करत आणि त्याबद्दल त्यांना महिना १,५०० रुपये मिळत. १८५७ च्या उठावाच्या आठवणी ‘दास्तान-ए-गदर’ या नावाने लिहिणारा, बहादूरशाह जफरच्या दरबारातला माणूस कोण, या प्रश्नावर जहीर देहलवी हे अचूक उत्तर देऊन त्यांनी ती रक्कम मिळवली, आणि त्यापुढे सात कोटींचा प्रश्न आला. हिशेब येथे नेमका उलटा होतो: चुकल्यास ९६,८०,००० रुपये जाणार आणि जिंकल्यास सहा कोटी वाढणार असतील, तर १४ टक्के शक्यतेवरही खेळणे परवडते, आणि डोळे मिटून निवडलेल्या पर्यायाचीच शक्यता २५ टक्के असते. महिन्याला १,५०० रुपये मिळवणाऱ्या माणसाला ९६,८०,००० रुपये कमवायला पाचशेहून अधिक वर्षे लागतात, हा हिशेबही त्याच आकड्यांतून निघतो. ताडे यांनी खेळ तेथेच थांबवला आणि एक कोटी घेऊन खुर्ची सोडली.